पाच अतिचार आणि एक लॅब्राडॉर

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. माझा भाचा पेडण्याहून डिचोलीला आला, तो गाडीच्या मागच्या सीटवर तीन वर्षांचा पिवळा लॅब्राडॉर घेऊनच. कागदोपत्री त्या कुत्र्याचं नाव चार इंग्रजी शब्दांचं आहे. घरात सगळे त्याला गुंडू म्हणतात.

“मावशी, सहा आठवडे सांभाळ याला. मला पुण्याला ट्रेनिंगला जायचंय. तिथून थेट शोलाच येणार. आईच्या गुडघ्यांना हा झेपत नाही.”

“अरे, पण आमचं घर तुला ठाऊक आहे. कांदा-लसूणसुद्धा येत नाही घरात.”

“मग तर बरंच. कुत्र्याला कांदा-लसूण म्हणजे विष. तुझ्याइतकं सुरक्षित स्वयंपाकघर याला मिळायचं नाही.”

हे मात्र खरं निघालं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. द्राक्षं आणि बेदाण्यांनी त्याचं मूत्रपिंड बिघडू शकतं. मी त्याच संध्याकाळी बेदाण्याची बरणी खालच्या फळीवरून वरच्या फळीवर नेली. सासूबाईंनी एवढंच सांगितलं, “अंगणात राहू दे. पण त्याचं खाणं माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही.”

भाच्याने जाताना वहीचं एक पान फाडून हातात दिलं. सकाळी सहाला फिरवणं. साडेसातला आणि संध्याकाळी साडेपाचला खाणं, वजन करून. रोज ब्रश. आठवड्यातून एकदा नखं. आंघोळ शोच्या चार दिवस आधी, त्यानंतर नाही. रोज पाच मिनिटं उभं राहण्याचा सराव. आणि तळाशी लाल पेनाने: “शोच्या आदल्या दिवशी सकाळचं खाणं झालं की मग काही द्यायचं नाही. रिंगेत भुकेला पाहिजे.”

ती लाल ओळ वाचली आणि पाठशाळेतलं एक पाठांतर आठवलं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणं, मारणं, अवयव छाटणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि खाणंपिणं रोखणं. लहानपणी हे म्हणताना डोळ्यांपुढे बैल यायचा, नाहीतर टांग्याचं घोडं. बैल आमच्याकडे नव्हता, घोडाही नव्हता, त्यामुळे हे पाच अतिचार आपल्या वाट्याला येणार नाहीत अशी माझी समजूत होती. आता ते पाचही एका कागदावर लिहून माझ्या फ्रिजवर चुंबकाने लावलेले होते.

डॉग शो म्हणजे काय हे तोवर मला नीट माहीत नव्हतं. कुत्रा काहीतरी कसरत करून दाखवतो असं वाटायचं. तसं नसतं. प्रत्येक जातीचं एक लेखी वर्णन असतं आणि समोरचा कुत्रा त्या वर्णनाच्या किती जवळ जातो ते जज पाहतो. असा पहिला शो 1859 साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला भरला. आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडिया 1896 पासून आहे. लॅब्राडॉर नराची उंची खांद्यापाशी 56-57 सेंटिमीटर हवी. शेपूट पाणमांजरासारखी बुडाशी जाड हवी. अंगावर केसांचे दोन थर हवेत, वरचा राठ आणि आतली दाट मऊ लव. जज नुसता बघत नाही. दात उघडून पाहतो, खांद्यांवरून, बरगड्यांवरून, मांड्यांवरून हात फिरवतो. मग कुत्र्याला सरळ रेषेत दुडक्या चालीने पुढे नेऊन परत आणायला सांगतो.

भाच्याने हे सगळं हातवारे करून समजावलं तेव्हा मला हसू आलं आणि लगेच ओसरलं. मलाही एकदा अशीच चाल करून दाखवायला लावली होती. “पाण्याचा तांब्या आतून घेऊन ये गं,” असं मामी म्हणाली होती. पाहुण्यांना पाणी नको होतं, मी लंगडत नाही ना ते बघायचं होतं. त्याआधी महिनाभर मला डाळीचं पीठ लावून झालं होतं आणि भात कमी करून झाला होता. तुमच्यातल्या कित्येकींना हे सांगायला नको.

सहा आठवड्यांचं काम सुरू झालं. एकेक अतिचार मी गुंडूबरोबर शिकत गेले.

पहिला बंध. गळपट्टा, दोरी, रात्री झोपायचा पिंजरा. सुरुवातीला पिंजऱ्याचं दार लावताना जीव खालीवर व्हायचा. आठवड्याने पाहिलं तर तो दार उघडं असतानाही आपणहून आत जाऊन झोपत होता. रस्त्यावर दोरी नसती तर तो पहिल्याच दिवशी ट्रकखाली आला असता. गोव्यात 2014 पासून मिशन रेबीजची माणसं गावोगाव फिरून, जाळ्यात धरून भटक्या कुत्र्यांना लस टोचत आली आहेत. जाळ्यातला तो कुत्रा कळवळतो. तोही बंधच. पण ती सुई त्याला आणि गल्लीतल्या पोरांना एका भयानक मरणापासून वाचवते. तेव्हा नुसती दोरी पाहून अतिचार ठरत नाही, एवढं मला कळलं.

वधाचा प्रश्न आला तो उभं राहण्याच्या सरावात. पुढचे पाय सरळ, मागच्या पायांचा खालचा भाग जमिनीशी काटकोनात, मान वर, आणि तसंच स्तब्ध. गुंडू दहा सेकंदांत बसायचा. शेजारचा एकजण म्हणाला, “एक फटका द्या, उभा राहील.” मी पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे करून घेतले. रिंगेत बहुतेकजण उकडलेली कलेजी वापरतात, ती माझ्या हातून होणार नव्हती. पनीरवर तो चौथ्या दिवशी मिनिटभर उभा राहिला.

छेदाच्या बाबतीत लॅब्राडॉर सुदैवी. त्याचं काही छाटायचं नसतं. डॉबरमनचे कान असे टोकदार उभे जन्मतः नसतात. ते पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असताना कापून, पट्ट्या बांधून उभे करतात. शेपूट तर जन्मल्यावर काही दिवसांतच तोडतात. आपल्याकडे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, विनाकारण अवयव छाटणं त्यात गुन्हा आहे. तरी कापलेल्या कानांचे डॉबरमन दिसतातच. मी मात्र गुंडूची नखं कापत होते. नखं वाढली की पंजा फाकतो, चालताना बोटं दुखतात. पहिल्यांदा कापताना चुकून नस लागली, रक्त आलं. तो ओरडला आणि लगेच माझाच हात चाटायला लागला. नखाचा छेद आणि कानाचा छेद दिसायला एकाच शब्दात बसतात. पण नखं मी शो नसता तरी कापलीच असती. कान कोण कापलं असतं?

इथे मला एक साधी कसोटी हाती लागली असं वाटलं. ‘शो नसता तर हे केलं असतं का?’ हो असेल तर ती काळजी. नाही असेल तर ते आपल्या हौसेसाठी.

चालवण्याला मी ती लावून पाहिली. पहाटे आम्ही मयेच्या तळ्याच्या रस्त्याने निघायचो. आधी सावकाश, मग वीस मिनिटं एका लयीत दुडक्या चालीने. मातीवर चालवायचं, डांबरावर नाही, म्हणजे सांध्यांना हादरे बसत नाहीत. परत येईपर्यंत त्याचे पंजे डिचोलीच्या मातीने लाल आणि माझी साडी पोटरीपर्यंत लाल. दुपारच्या दमट उन्हात कधीच नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ काढून धापतो तेवढाच त्याचा गारवा. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या मांड्या भरल्या आणि माझी साखर उतरली. इथे काळजी आणि हौस एकाच रस्त्याने चालत होत्या. वाद नव्हता.

ब्रशलाही नव्हता. रबरी ब्रशने आतली मेलेली लव निघते, कातडीला वारा लागतो. आंघोळ चार दिवस आधी का, तर साबणाने केसांचं नैसर्गिक तेल जातं, ते परत यायला वेळ लागतो. काही लोक पांढऱ्या कुत्र्याला खडूची पूड चोळतात, काळ्या केसांना रंग लावतात. शोच्या नियमांना ते मान्य नसतं आणि आपल्याकडे त्याला माया म्हणतात, चार कषायांपैकी तिसरा.

पण ब्रश फिरवताना दहाव्या दिवशी कानामागे गोचीड सापडली. मग चार. मग पंजाच्या बोटांमध्ये सात. मी दोन दिवस त्या चिमट्याने काढून लांब कुंपणापलीकडे सोडत होते. पशुवैद्य म्हणाले, “ताई, त्या परत येणार. आणि गोचिडतापाने कुत्रा मरतो. मानेवर औषध टाका.” औषध म्हणजे गोचिडी मरणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी अंगणातलं गवत काढलं, पिंजऱ्याची जागा कोरडी केली, अंथरूण रोज उन्हात टाकलं. आणि तिसऱ्या दिवशी औषध टाकलं. गृहस्थाला आरंभी हिंसा टळत नाही असं आपण म्हणतो. म्हणताना ते फार सोपं वाटतं. संध्याकाळी फरशीवर पडलेल्या त्या करड्या गोळ्या कागदावर भरताना तसं वाटलं नाही.

खाण्याचं तर त्याहून अवघड. भाच्याने दिलेल्या पिशवीवर कोंबडीचं चित्र होतं. मी ती मागच्या पडवीत, वेगळ्या डब्यात ठेवली. मांस मी आणलं नव्हतं, शिजवलं नव्हतं. पण आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदन तिन्ही मोजतात. रोज दोन वेळा काट्यावर तोलून वाढणारी मी कशात बसत होते?

मी पशुवैद्यांना विचारलं, याला शाकाहारी करू का? त्यांनी घाई केली नाही. कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसावर जगणारा प्राणी नाही. माणसाजवळ राहून त्याला पिष्ट पचवण्याची ताकद आली आहे. स्वीडिश संशोधकांनी 2013 साली त्याची जनुकीय खूणही दाखवली. आपल्याकडे किती पिढ्या कुत्रे भाकरी-ताकावर आणि उकड्या तांदळाच्या पेजेवर जगले. पण जगणं वेगळं आणि पुरेसं पोषण वेगळं. नुसत्या डाळ-भाताने चुन्याचं, जीवनसत्त्वांचं, प्रथिनांतल्या घटकांचं गणित बसत नाही. 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने धान्य नसलेल्या आणि डाळी-कडधान्यं भरपूर असलेल्या डॉग फूडचा हृदयविकाराशी संबंध आहे का याची चौकशी सुरू केली, तेव्हा डाळ म्हटली की पवित्र आणि निर्धोक असंही धरता येत नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तोलून केलेला शाकाहार कुत्र्याला चालू शकतो, असं ते म्हणाले. “पण सहा आठवड्यांसाठी, दुसऱ्याच्या कुत्र्यावर, तुमच्या मनाच्या समाधानासाठी प्रयोग नको.”

ते शेवटचं वाक्य टोचलं. मी पिशवीतलंच वाढत राहिले, आणि त्या दोषातून स्वतःला वगळलं नाही.

आपल्याकडे कुत्र्याविषयी दोन आठवणी आहेत. एक, श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत असतीपोषण आहे. कुत्र्या-मांजरांसारखे दुसऱ्या जिवांना मारणारे प्राणी धंद्यासाठी पोसणं त्यात येतं. दुसरी, जीवंधरकुमाराची. मार खाऊन मरायला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात त्याने णमोकार मंत्र सांगितला आणि तो कुत्रा पुढे यक्ष झाला. सासूबाईंनी पहिली सांगितली. पण रात्री पडवीत जाऊन गुंडूच्या कानाशी काहीतरी पुटपुटतानाही मी त्यांनाच पाहिलं.

मापाचा प्रश्न उरला. गुंडूला कायम भूक. पुढ्यातलं संपलं की तो भांडं तोंडात धरून माझ्यापुढे येऊन बसायचा. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 साली आढळलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे भुकेवर लगाम राहत नाही. आणि दुसरीकडे, अमेरिकेत 48 लॅब्राडॉरांवर जन्मभर केलेला एक प्रयोग 2002 साली प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले, आणि त्यांचे सांधेही उशिरा बिघडले. म्हणजे भुकेल्या डोळ्यांना बळी पडून वाढत राहणं हाही एक प्रकारचा घातच. मी हात लावून बघायला शिकले. बरगड्या दिसायला नकोत, पण बोटांना सहज लागायला हव्यात.

इथे मी बरेच दिवस अडकले. आपण स्वतः ऊनोदरी करतो, चार घास कमी खातो, उपवास करतो आणि त्याला तप म्हणतो. तेच कुत्र्याला करायला लावलं तर तप होत नाही, कारण त्याने ते घेतलेलं नाही. त्याच्यासाठी ते एक तर औषध असतं, नाहीतर अन्नपाननिरोध. मोजून वाढलेला वाडगा औषध होता. ती लाल ओळ मात्र औषध नव्हती.

शोच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसातला त्याने खाल्लं. संध्याकाळी साडेपाचला तो भांडं घेऊन आला. मी दिलं नाही. तो परत गेला, परत आला. असं सहा वेळा. रात्री मला झोप लागेना. गाडीत दीड तासाचा रस्ता, तेव्हा पोट भरलेलं नको, हे मला पटत होतं. भरल्या पोटी गाडीत कुत्रे ओकतात. पण रिंगेत त्याचा नंबर दुपारी बाराच्या पुढे लागणार होता. म्हणजे अठ्ठावीस-तीस तास. ते कशासाठी? पनीरच्या तुकड्याकडे डोळे लावून, कान पुढे करून तो जजला तरतरीत दिसावा म्हणून.

पहाटे चारला उठले. उकड्या तांदळाची पेज पातळ करून, थोडं दही घालून पडवीत ठेवली. त्याने भांडं चाटून जागेवरून हलवलं. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

मैदानावर तंबू, टेबलं, ड्रायर, शॅम्पूचे वास. एका शित्झूचे केस कागदात गुंडाळून रबरबँड लावलेले. एका टेबलावर पूडल गळ्यातल्या फासात दोन तास उभा, मालकीण त्याच्याशी गोड बोलत कात्री चालवत होती. प्रेम नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. तिथल्या जवळजवळ प्रत्येकाचं आपल्या कुत्र्यावर प्रेम होतं. हीच गोष्ट मला घरी येईपर्यंत सुचू देत नव्हती.

भाचा परस्पर आला. गुंडू त्याला बघून वेडा झाला. रिंगेत चाल सुंदर झाली. उभं राहायच्या वेळी मात्र पनीर दाखवलं तर त्याने ते घेतलं आणि खुशाल खाली बसला. त्याच्या गटात तो पाच जणांत चौथा आला.

“मावशी, काही खायला दिलं होतंस का?”

“नाही रे,” मी म्हणाले.

तोंडातून ते किती सहज आलं! अहिंसेचा पाचवा अतिचार टाळायला पहाटे चारला उठलेली बाई, दुपारी एक वाजता सत्याणुव्रत मोडून मोकळी झाली. आणि खोटं कुणाशी, तर ज्याने विश्वासाने आपला जीव माझ्या ओटीत घातला त्याच्याशी.

परतीच्या वाटेवर मी माझीच कसोटी मला लावून पाहिली. शो नसता तर त्या पहाटे मी पेज दिली असती का? शो नसता तर द्यायची वेळच आली नसती. मग ती कसोटी थोडी बदलून घेतली. ‘मला बरं वाटणार नसतं, तर दिली असती का?’ इथे उत्तर लवकर येईना. भुकेलेला जीव समोर होता हे खरं. पण त्या बरं वाटण्यात कुत्र्याच्या भुकेइतकाच माझा मान होता. मी यांच्यासारखी नाही, माझ्या हातून निरोध होत नाही, हा मान. कुणी चषकासाठी कुत्रा उपाशी ठेवतो. मी पुण्यासाठी त्याला गुपचूप भरवलं. दोघांच्याही हिशोबात कुत्रा थोडा बाजूला पडला. खरं तर मी तीन दिवस आधी भाच्याला फोन करून सांगू शकले असते, “हे मी करणार नाही.” ते अवघड होतं, म्हणून मी सोपं केलं.

पेज देण्यात चूक झाली असं मला आजही वाटत नाही. लपवण्यात झाली.

दोन दिवसांनी मी पेडण्याला फोन केला आणि सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “मला वाटलंच होतं. त्याच्या मिशीला दही होतं.” नंतर थोडं रागाने, “पण तू तेव्हाच सांगायचंस. मी सगळं खापर माझ्याच ट्रेनिंगवर फोडलं.”

“चुकलं माझं,” म्हटलं. “पण पुढच्या वेळी ठेवलास तर ती लाल ओळ मी पाळणार नाही. आधीच सांगते.”

यंदा दिवाळीनंतर तो परत आला. वहीचं पान होतंच. तळाची ओळ निळ्या पेनाने लिहिली होती: “शोच्या दिवशी पहाटे हलकं खाणं, मावशीच्या अंदाजाने.” मी पान फ्रिजवर लावलं. सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि बेदाण्याची बरणी आपणच वरच्या फळीवर ठेवली.